मागच्या वर्षीची तारीख

तिने लेकीच्या, ठकीच्या मुठीतलं बटण काढून घेतलं, तिला सासऱ्यांच्या मांडीवर बसवलं आणि ती लॅपटॉपसमोर येऊन बसली. केस चापूनचोपून बांधलेले, शर्टाला कडक इस्त्री. कॅमेऱ्यात वरचंच दिसणार, म्हणून खाली घरातलीच विजार. औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेतली जागा निघाली होती. ऑनलाइन परीक्षा अकराला, सव्वाअकरानंतर कुणाला आत घेणार नाहीत. बाळंतपणाआधी ती हेच काम करत असे. ही जागा हुकली तर दुसरी कधी निघेल, कोण जाणे.

तिने ब्राउझर उघडला. पान काही उघडेना. मधोमध लाल त्रिकोण आणि 'तुमचं कनेक्शन खासगी नाही.'

दुसरी साइट, तोच त्रिकोण. हवामानाचं पान, तेही रुसलेलं. फोनवर सगळं धडाधड उघडत होतं, पण परीक्षा फोनवर चालणार नव्हती. तिने राउटर बंद करून चालू केला, ब्राउझरचा इतिहास पुसला, दुसरा ब्राउझर लावून पाहिला. तोही त्याच माळेचा मणी. शेवटी तिने नवऱ्याला ऑफिसात फोन लावला.

"अरे, एकही पान उघडत नाहीये!"

"तुझा हात लागला की यंत्रं आजारीच पडतात बघ. रिस्टार्ट कर."

"केलं. इथे खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय. वाचून दाखवू?"

"ते वाचत बसलीस तर झालीच तुझी परीक्षा! आणखी एकदा रिस्टार्ट कर. मी मीटिंगमध्ये आहे गं."

लॅपटॉप आपल्या चालीने आळोखेपिळोखे देत उठला. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, ठकीचा आवाज बंद आहे. गप्प ठकी म्हणजे तोंडात काहीतरी असणार. ती धावली. सासऱ्यांच्या चष्म्याची दांडी होती.

"अगं, खेळतेय ती," सासरे म्हणाले.

परत येऊन तिने ती बारीक ओळ वाचली. 'तुमच्या संगणकाचं घड्याळ मागे आहे.' पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. वेळ बरोबर, दिवस बरोबर, महिनाही बरोबर. साल मागचं.

मागच्या वर्षी या दिवशी तिच्या अंगावर पांढरा कोट होता. ठकी पोटातून लाथा मारायची आणि टेबलावरच्या परीक्षानळ्या हलल्यासारख्या वाटायच्या.

तिने पुन्हा फोन लावला. "घड्याळ वर्षभर मागे कसं?"

"अगं हो... ते बाबांच्या पत्त्यांच्या खेळासाठी. फुकटची मुदत संपली की बंद पडतो ना तो. म्हणून काल मीच तारीख मागे घेतली. डोक्यातूनच गेलं बघ. पण त्यामुळे पानं उघडणार नाहीत, हे मला काय—"

तिने फोन ठेवला. साल बदललं. पान लगेच उघडलं, जणू काही झालंच नव्हतं.

'प्रवेशाची वेळ संपली आहे.'

तिथल्या मदतीच्या नंबरवरची बाई फार गोड बोलली. "नियम सगळ्यांना सारखाच ना, मॅडम."

"सूनबाई, झालं का तुझं?" सासरे ठकीला घेऊन मागे उभे. "मग मी एक डाव टाकतो."

त्यांचा खेळ उघडला नाही. मुदत संपली होती.

"अगं, काय करून ठेवलंस हे? काल चांगला चालत होता!"

"दुरुस्त केलं, बाबा."

"याला दुरुस्त म्हणतात?"

संध्याकाळी नवरा आला. बूट काढता काढताच त्याने बाबांची तक्रार ऐकली, लॅपटॉप ओढला आणि साल पुन्हा मागे नेलं. पडद्यावर पत्ते पिसले गेले.

"हां, आता कसं!" सासरे खूश.

"पुढच्या वेळी परीक्षा असली की आधी सांगत जा गं," नवरा म्हणाला. "दोन मिनिटांत सरळ करून दिलं असतं." सकाळी दारातून त्यानेच 'ऑल द बेस्ट' म्हटलं होतं.

तिच्या अंगात अजून तोच इस्त्रीचा शर्ट होता. ठकीने तिच्याकडे हात पसरले, तसं तिने तिला उचललं. ठकीने लगेच वरचं बटण ओढायला घेतलं. ठकीच्या डोक्यावरून ती कोपऱ्यातल्या तारखेकडे बघत राहिली. त्या तारखेला ठकी अजून जन्मायची होती. क्षणभर तिला किती हलकं वाटलं! मग त्याचीच भीती वाटली, आणि तिने ठकीला इतकं आवळलं की ती रडायला लागली.

"काय गं, काय केलंस तिला?" नवऱ्याने पत्त्यांवरून नजर न उचलता विचारलं.