चाळीस कडक भाकरी आणि चौथं लिंबू

मित्रांनो, मी एक जुनी नवी मोटार आहे. नवी अशी, की माझ्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. जुनी अशी, की त्याआधीच माझा बंपर, बॉनेट आणि उजवा दिवा बदलून झाला होता. मी विजेवर चालते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त माझ्या पहिल्या मालकांच्या ध्यानात राहिलं नाही.

माझं बालपण मला फारसं आठवत नाही, कारण ते अडीच दिवसांचं होतं. मग ट्रकवर बसून मी सोलापुरात आले. शोरूममध्ये मला हार घातला, हळदकुंकू लावलं, चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. मालकांनी आत बसून बटण दाबलं. आवाज आला नाही. आम्हा विजेच्या मोटारींना तो येतच नाही. "चालू झाली न्हाय की," म्हणत त्यांनी पाय जोरात दाबला. मी स्वभावाने आज्ञाधारक आहे. लिंबं चिरडत मी समोरच्या खांबाला जाऊन भेटले. पुजाऱ्यांच्या हातातला नारळ तेवढा फुटायचा राहिला. मालक उतरले, हार परत घेतला आणि पेट्रोलची गाडी घेऊन गेले.

माझी दुरुस्ती झाली, किंमत उतरली आणि मला मागच्या शेडमध्ये ठेवलं. माणसं किंमत ऐकून यायची, कारण ऐकून जायची. एका गृहस्थांनी माझ्यासोबत फोटो काढला आणि शेजारची मोटार घेतली.

असे चार महिने गेल्यावर मैंदर्गीहून गौरम्मा आणि त्यांचे यजमान तिप्पण्णा आले. गौरम्मा ज्वारीच्या कडक भाकरी करून सोलापूरच्या दुकानांना देतात. भाकरी पापडासारखी पातळ, आणि येणं टमटममधून. निम्म्या वाटेतच मोडायच्या. मोठ्या दुकानदाराने सांगून टाकलं होतं, "मावशी, आता मोडका माल आला तर दुसरीकडनं घेईन."

"लई स्वस्त हाय," तिप्पण्णा माझ्याकडे बघून म्हणाले.

"म्हणूनच भ्या वाटतंय," गौरम्मा म्हणाल्या.

शोरूममधल्या शिवानीने खांबाची हकिगत सांगितली, दुरुस्तीचा कागद दाखवला.

"खांब बरा हाय का?" तिप्पण्णांनी काळजीने विचारलं.

"तुमी गप बसा हो. पोरी, बॅटरी हिच्या पोटात असती म्हणं. पोट दाखव."

मला यंत्रावर उचललं. मित्रांनो, माझ्या पोटाची चौकशी आजवर कुणीच केली नव्हती. बॅटरीच्या आवरणावर ओरखडाही नव्हता. मात्र मागच्या कोपऱ्यात एक सुकलेलं लिंबू अडकलेलं होतं. चारांतलं चौथं. दुरुस्तीच्या कागदावर त्याचा उल्लेख नव्हता.

मग गौरम्मांनी माझ्या मागच्या सीटवर चाळीस भाकरींची टोपली ठेवली. तिप्पण्णांनी मला अक्कलकोट रस्त्यावर नेलं. सात गतिरोधक आणि एक खड्डा, ज्याला तिप्पण्णा नावाने ओळखत होते. जन्मात मी इतकी जपून चालले नव्हते. अर्थात जन्मात मी चारच मीटर चालले होते.

परत आल्यावर गौरम्मा शिवानीला म्हणाल्या, "तू मोज. आमी पाणी पिऊन येतो."

शिवानी एकटी मोजत होती. अडतिसावी भाकरी मधोमध मोडलेली निघाली. तिने दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. माझी डिकी उघडीच होती, दोन तुकडे सहज मावले असते. मी विकली जावी म्हणून ती चार महिने झटत होती. मला काळीज नाही, पण तेवढ्यात माझी बॅटरी एक टक्का उतरली.

तिने उरलेल्या दोन मोजल्या, तोवर दोघं आत आली.

"काकू, एकोणचाळीस चांगल्या आहेत," शिवानी म्हणाली. "एक मोडलीय."

"बघ, मी म्हणलं नव्हतं?" तिप्पण्णा म्हणाले. त्यांनी काहीही म्हटलेलं नव्हतं.

गौरम्मांनी मोडकी भाकरी उचलली. "ही मी घरनंच मोडून आणली होती. पोरगी सांगती का झाकती, तेवढं बघायचं होतं. उद्या गाडीचं काय झालं तर हिच्याकडंच यायचंय की." मग त्यांनी पदराखालून शेंगाचटणीची पुडी काढली आणि अर्धा तुकडा शिवानीच्या हातावर ठेवला. "खा. आणि बदललेलं सगळं लेखी दे. गाडी घेतली."

माझी दुसरी पूजाही झाली. लिंबं ठेवण्याआधी गौरम्मांनी तिप्पण्णांना खाली उतरवलं, किल्ली कनवटीला लावली आणि खांबालाही नमस्कार केला.

आता मी रोज सकाळी भाकरी घेऊन सोलापूरला येते. दुकानदाराने अजून एकही परत केलेली नाही. चौथं लिंबू माझ्या पुढच्या कप्प्यात आहे.

म्हणून मित्रांनो, माझं मागणं एवढंच. आम्हाला खड्ड्यातून हळू न्या, पोटाकडूनही बघत जा, आणि आम्हाला कुठे लागलं तर रंग लावून झाकू नका, सांगा. मोडलेलं सांगून टाकणाऱ्याला अर्धी भाकरी आणि चटणी मिळते. मी शेजारीच उभी होते.