बधिर जागा

“मावशी, हात लावलेलं कळतंय का?” कीर्ती नर्सने पाठीवर बोट दाबून विचारले.

“कळतंय की. चांगलं कळतंय,” तानुबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

साफ खोटे होते. काही म्हणजे काही कळत नव्हते.

सांगलीच्या त्या दवाखान्यात तिचा मुतखडा मशीनने फोडायचा होता. मशीनचे दणके झोंबू नयेत म्हणून कीर्तीने तासाभरापूर्वी पाठीवर मलमाचा जाड थर दिला होता. कसले मलम ते तिने सांगितले नाही आणि तानुबाईने विचारले नाही. दवाखान्यात उलटून विचारायची रीत आटपाडीकडच्या म्हाताऱ्यांना कुठली! बाम असेल, असे ती धरून चालली. आणि आता तेवढी पाठ जणू अंगाला नव्हतीच.

“अजून चढलं नाही वाटतं,” म्हणत कीर्तीने मलम पुसले आणि ती दुसरी ट्यूब आणायला गेली.

“प्रांजल,” तानुबाईने सुनेला हळूच हाक मारली, “पाठीचा रंग बघ गं.”

“पांढरं पडलंय जरा, आत्या.”

तानुबाईला आई आठवली. आईच्या, बनुबाईच्या, पाठीवर असाच फिकट चट्टा होता. महारोग तपासायला आलेल्या माणसाने डोळे मिटायला लावून त्यावर पीस फिरवले होते. “कळतंय की,” आई म्हणाली होती आणि बोट भलतीकडेच ठेवले होते. मग ओढ्यापलीकडे तिला वेगळे खोपट घालून दिले. लहानगी तानू भाकरी दगडावर ठेवून मागे फिरायची. पोर लांब गेल्याशिवाय आई बाहेर यायची नाही. सासरी सांगितले होते, आई पान लागून, साप चावून मेली.

तानुबाई उठून बसली. “चल घरला. खडा ऱ्हाऊ दे पोटात.”

“आवं, परवा गडाबडा लोळत हुता की!”

“लोळंन. पर ह्यो डाग कुणाला सांगू नगंस. माज्या पोराला, दिग्विजयला बी न्हाई. मला वस्तीभाईर काढतील गं!” आणि इतकी वर्षे गिळून ठेवलेले सगळे तिने सुनेपुढे ओकून टाकले.

दारात कीर्ती ट्यूब घेऊन थबकली होती. “अहो मावशी, ते मलमच बधिर करायचं आहे. पांढरं पण त्यानंच पडतं. मी आधी सांगायला पाहिजे होतं. थोड्या वेळानं कळायला लागेल परत. आणि तो आजार तर आता गोळ्यांनी बरा होतो.”

तानुबाईचा विश्वास बसला नाही. नर्सला काय, काम उरकायचे असते. पण प्रांजलने हात धरला म्हणून ती मशीनखाली झोपली. शेजारच्या दारावर कोणी थापा माराव्यात तसे दणके लांबून ऐकू येत राहिले. दुखत नव्हते, आणि जितके दुखत नव्हते तितकी ती जास्त घाबरत होती.

एसटी स्टँडवर बसल्यावर तिने पदराआडून पाठीला चिमटे काढून पाहिले. जागा अजून मेलेलीच होती. प्रांजलने भाकरीचे फडके सोडले तशी तानुबाई चटकन म्हणाली, “ठेव तितं बाकड्यावर. तू जरा लांब सरक, मग घेती.”

प्रांजलने तिच्याकडे पाहिले. मग जवळ सरकून तिने भाकरी मोडली, सासूच्या तळहातावर कोर ठेवली आणि तिची बोटे आपल्या हाताने मिटवली.

“खावा आत्या. सकाळधरनं उपाशी हायसा.”

तानुबाई पदरात तोंड घालून रडली, आईसाठी रडली, आणि मग रडतरडतच तिने ती भाकरी खाल्ली.

आटपाडीची गाडी लागली. खिडकीजवळच्या सीटचा रेक्झिन फाटून मागचा गज उघडा पडला होता. गाडी गावाबाहेरच्या खड्ड्यांना लागली आणि तो गज कचकन पाठीत टोचला. नेमका त्याच जागी.

“हिकडं सरका आत्या, टोचंल तुमास्नी,” प्रांजल म्हणाली.

“टोचतंय,” तानुबाई म्हणाली. “टोचू दे.”

आणि ती आणखी मागे रेलून बसली.