हवालदारांनी घर लावलं
लढाई संपली आणि हवालदार हंबीरराव पेन्शन घेऊन मलकापूरला घरी आले. चार दिवस गोडधोड खाल्लं. पाचव्या दिवशी मिशीवर हात फिरवत त्यांनी घरभर नजर टाकली आणि त्यांची बायको, शालूबाई, हातातलं काम टाकून उभी राहिली.

"वस्तू जाग्यावर न्हाईत, म्हणून पैका टिकत न्हाई," ते म्हणाले. "आता समदं पलटणीवानी लागंल. वाचंल त्यातनं दिवाळीला तुला हिरवं लुगडं."

लुगडं म्हणताच शालूबाईनं पदर खोचला. कापडाला रेशन लागल्यापासून ती जुनेरं जोडून नेसत होती. औंधला माहेरी जायचीही तिला लाज वाटायची.

पण झडती सुरू झाली आणि हवालदार चक्रावले. परात शेजारच्या मनुबाईची, सूप साळूबाईचं, पाटा नानासोंच्या घरचा.

"आन् आपलं?"

"आपली घागर मनुबाईकडं, उखळ नानासोंकडं. आवं, आळीत असंच चालतं!"

"बंद! परक्याची वस्तू परक्याच्या घरी. उसनंपासनं बंद!"

मनुबाईकडची भरली घागर ओतून ते ती स्वतः घेऊन आले. आळीतल्या बायकांनी हनुवटीला बोट लावलं.

घर तर असं लागलं, की बघत राहावं. फक्त भाकरी थापायला परात नव्हती. ती कराडच्या बाजारातून आली. मागोमाग सूप आलं, पाटा आला. विरजण कुणी देईना, म्हणून दही विकत. शेजारचा विस्तव बंद, म्हणून काडेपेटी दुप्पट भावानं. दिवाळी आली तेव्हा घर टापटीप होतं आणि शिल्लक शून्य.

"लुगडं फुडल्या साली बघू," हवालदार म्हणाले.

शालूबाईला आधी रडू आलं, मग असा राग आला की तिनं सरळ गाठोडं बांधलं. "परक्याची वस्तू ठेवायची न्हाई म्हणालासा न्हवं? मी औंधची हाय. पोचवा माघारी."

हवालदार हसले. ती हसली नाही. दिवस मावळला तरी चूल थंडच, आणि काडेपेटीही संपलेली. पोटात कावळे ओरडायला लागले, तसे हवालदार पुटपुटत बाहेर पडले.

"मनुवैनी, जरा इस्तू मिळंल का?"

"काय म्हणालासा? ऐकू न्हाई आलं!"

त्यांनी पुन्हा मागितला. आळीतली सगळी दारं उघडली.

खापरात निखारे घेऊन, हात बदलत, ते धावत आले. शालूबाई दार अडवून उभी होती.

"आदी लुगडं."

"अगं, हात भाजतोय!"

"हिरवं. रुंद काठाचं."

"पैका कुठनं आणू?"

"नवी परात हाय. पाटा हाय. सूप हाय."

"इकतो! समदं इकतो! सर बाजूला!"

ती सरली. गाठोडं मात्र लुगडं घरात येईपर्यंत तिनं उंबऱ्यावरून हलवलं नाही.