पानाच्या डब्यातले प्यादे

“हे मेलं पुन्हा हाताला लागलं! जायफळ म्हणून उचलावं तर हे. या घरात जायफळाला खण नाही, पण ह्याला आहे.”

मित्रांनो, हे बोल माझ्याबद्दलचे आहेत. मी एक जुने प्यादे आहे. बुद्धिबळातले, तांबड्या बाजूचे. आणि पुटपुटत होत्या त्या गोदाबाई, आमच्या आप्पांच्या पत्नी. तेरा वर्षे मी त्यांच्या पितळी पानाच्या डब्यात, लवंगांच्या शेजारच्या खणात राहिलो. तेरा वर्षे त्या रोज सकाळी असेच पुटपुटल्या आणि पुटपुटून झाल्यावर त्यांनी मला तिथेच परत ठेवले. ‘हे इथे आले कसे?’ असे त्यांनी एकदाही विचारले नाही. कोणीच विचारले नाही. का, ते आता सांगतो. ऐकून तुम्हांला धक्का बसेल. मला बसलेला तर अजून उतरलेला नाही.

माझा जन्म सावंतवाडीचा. एका कातार्‍याने पाळण्याचे पाय कातले, आणि जो टीचभर तुकडा उरला त्यातून मला काढले. फिरत्या लाकडावर त्याने लाखेची कांडी टेकवली आणि मी तांबडा झालो. तेवढ्यात त्याला शिंक आली. माझ्या टोपीवर एक खळगी पडली ती कायमची. वाईट वाटले तेव्हा; पण त्या खळगीमुळेच मी सोळा प्याद्यांत ओळखू येतो.

रत्नागिरीच्या कचेरीत कारकून असलेल्या आप्पांनी आम्हां बत्तीस जणांना पटासकट विकत आणले. आप्पांचा खेळ म्हणजे काय विचारता! कचेरी सुटली की ओटीवर पट पसरायचा, शेजारी पानाचा डबा, आणि समोर शाळामास्तर महिपतराव. महिपतराव रोज हरत आणि रोज येत.

मित्रांनो, तेव्हा खेळायची पद्धत जुनी होती. आम्ही प्यादी एका वेळी एकच घर चालायचो. पण मान मोठा होता. वजिराने नाहीतर हत्तीने मात केली तर लोक म्हणत, ठीक आहे. प्याद्याने राजाला मात केली, तर ती प्यादेमात! जिंकणार्‍याची पाठ थोपटून थोपटून लाल होई, आणि हरलेल्याला महिनाभर बाजारात जाणे नको होई. आप्पांनी चौघांना प्यादेमात केली होती आणि त्यांना कोणी केली नव्हती. नव्या माणसाला ते आपले नाव सांगायच्या आधी हे सांगत.

याच घरात आप्पांची धाकटी बहीण होती, येसूबाई. दाभोळला दिलेली, एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी परत आलेली. दिवसभर काम आणि दुपारी भिंतीकडे बघत बसणे. एका रविवारी आप्पांनीच हाक मारली, “येसू, ये गो. हा घोडा कसा चालतो ते दाखवतो.” तेवढे एक काम आप्पांनी फार चांगले केले. ती शिकली. दर रविवारी दुपारी खेळे आणि दर रविवारी हरे. असे बारा वर्षे. हरताना ती हसत असे आणि हसताना ती त्या घरातली सगळ्यात लहान दिसे.

१९२३ सालचा तो रविवार. येसूबाई तांबड्या बाजूने खेळत होत्या. आप्पा पान जुळवत होते, डावाकडे अर्धेच लक्ष. येसूबाईंनी मला उचलले आणि एक घर पुढे ठेवले. माझ्या मागे हत्तीचा जोर. समोर तिरक्या घरात काळा राजा. त्याला हलायला एक घर नाही.

“आप्पा,” त्या हळूच म्हणाल्या, “ही... मात काय रे?”

आप्पांनी पटाकडे पाहिले. पुन्हा पाहिले. चुन्याचे बोट हवेतच राहिले. माझ्या लाकडाच्या छातीत काय धडधड झाली म्हणून सांगू! पाळण्याच्या पायातून उरलेला तुकडा मी, आणि मी राजाला मात केली होती. आता माझे कौतुक होणार, माझ्या बाईचे होणार, गावभर होणार.

इतक्यात पुढच्या अंगणात, खळ्यात, चपला वाजल्या. महिपतराव त्या दिवशी लवकर आले होते.

आणि आप्पांनी मला मुठीत धरले, दुसर्‍या हाताने सगळा डाव विस्कटून टाकला.

“या, महिपतराव! डाव अर्धाच मोडला बघा. एक प्यादं हरवलं.”

मित्रांनो, मी मुठीत होतो! घामाने ओल्या, गच्च मुठीत. महिपतराव बिचारे झोपाळ्याखाली शोधायला वाकले. पण खरा हादरा मला पुढे बसला. येसूबाईंनी आप्पांच्या मुठीकडे पाहिले. चांगले पाहिले. मग त्यासुद्धा वाकल्या आणि चटई उचलून मला शोधू लागल्या.

त्यानंतर पट माळ्यावर गेला आणि मी पानाच्या डब्यात. टाकून देण्याची आप्पांची छाती झाली नाही, आणि ठेवायला दुसरी जागा सुचली नाही. रविवारच्या दुपारी येसूबाई पुन्हा भिंतीकडे बघू लागल्या. भाऊ-बहीण बोलत ते ‘मीठ जास्त झालंय’ आणि ‘पत्र आलंय’ एवढेच.

पानाचा डबा म्हणजे काही तिजोरी नव्हे. येणारा जाणारा त्यात हात घाली. महिपतराव रोज माझ्या शेजारची लवंग उचलत, मला बघत, आणि पान तोंडात टाकून म्हणत, “आप्पा, तुम्हांला प्यादेमात करणारा अजून जन्मायचाय.” आप्पा मान हलवत. येसूबाई दर शनिवारी डबा चिंचेने घासत, मला पदराने पुसत आणि डोके वर करून उभा ठेवत. सगळ्यांना सगळे ठाऊक, आणि सगळे गप्प.

अशी तेरा वर्षे गेली. आप्पा पेन्शनीत आले. मग १९३६च्या पौषात एके दिवशी महिपतराव छापील पुस्तक नाचवतच आले.

“आप्पा, वाचनालयात बुद्धिबळाचं मंडळ निघालंय. माघात सामने. मुंबईचे वकील यायचेत खेळायला. तुम्हांला पट काढावाच लागेल हो!”

“छे! तेरा वर्षांत मोहर्‍याला हात लावला नाही.”

“म्हणून तर आजपासून लावायचा.”

पट खाली आला. धूळ झटकली. थैलीतून मोहरे निघाले. एकतीस. तांबड्या बाजूला एक घर रिकामे.

गोदाबाई आढ्याकडे बघू लागल्या. शेवटी महिपतराव म्हणाले, “सुपारी चालेल की.” आप्पांनी डबा उघडला, मला बोटाने बाजूला सारले आणि सुपारी उचलून माझ्या जागी ठेवली. हो, माझ्यासमोर! मी आतून बघत होतो. एका सुपारीने माझी जागा घेतली, आणि डब्याचे झाकणसुद्धा कोणी लावले नाही.

महिपतरावांनी पहिली चाल केली. प्यादे, दोन घरे.

“महिपतराव, झोप झाली नाही काय? दोन घरं?”

“विलायती पद्धत, आप्पा. आता सगळीकडे हीच. पुस्तकात आहे.”

“आणि राजाची घोड्यासारखी उडी?”

“गेली. त्याऐवजी किल्लेकोट आलाय.”

आप्पांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी घराची दारे एका रात्रीत हलवून ठेवली आहेत. मग त्यांनी खालच्या आवाजात विचारले, “आणि... प्यादेमात?”

“तसं काही वेगळं नाही आता. मात ती मात. हात मिळवायचा नि उठायचं.”

मी डब्यात थिजलो. माझा सगळा मान एका पुस्तकाने पुसला होता! पण आप्पा हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“म्हणजे प्याद्यानं झाली काय नि वजिरानं झाली काय, एकच! अरे, मग उगाचच की! तेरा वर्षं उगाच...”

आणि जीभ चावल्यासारखे थांबले.

माजघराच्या उंबर्‍यापाशी येसूबाई वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तेव्हा हे पुस्तक आलं नव्हतं, आप्पा. आपण जुन्या पद्धतीनं खेळत होतो.”

“वन्सं!” गोदाबाई दचकल्या.

“वन्सं काय? चटईखाली शोधायला मी पण वाकले होते, वहिनी. पाठीत उसण भरली होती माझ्या. तेवढंच सांगत्ये.”

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी वस्तू जपा, एवढेच माझ्यासारख्याने सांगायचे असते. पण मला तर तेरा वर्षांत धुळीचा कण लागला नव्हता. मी स्वच्छ होतो, सुगंधी होतो, आणि लपवलेला होतो. तेव्हा माझी विनंती थोडी वेगळी आहे. जी वस्तू ज्या कामाची, तिला त्या कामाच्या जागी ठेवा. आणि ज्याचे कौतुक करायचे राहिले असेल, ते तो वाल सोलून उठायच्या आत करा.

आप्पांनी पटावरची सुपारी काढली. डब्यातून मला उचलले. मला वाटले, आता रिकाम्या घरात ठेवतील. पण त्यांनी सगळे मोहरे पटावरून बाजूला सारले आणि एकेक करून नवेच मांडू लागले. इथे काळा राजा. इथे तांबडा हत्ती. इथे काळा वजीर, अडकलेला. तेरा वर्षांपूर्वीचा तो डाव, जसाच्या तसा! रोज पान जुळवताना त्यांनी तोच मांडला असणार, मनातल्या मनात.

“उंट एक घर अलीकडे,” उंबर्‍यावरून येसूबाई म्हणाल्या. त्यांनी मान अजूनही वर केली नव्हती.

आप्पांनी उंट एक घर अलीकडे घेतला. मग मला, खळगीच्या टोपीच्या मला, राजासमोरच्या त्या तिरक्या घरात ठेवले आणि हात काढून घेतला.

“महिपतराव,” ते म्हणाले, “प्यादं हरवलं नव्हतं. माझ्या मुठीत होतं. येसूनं मला प्यादेमात केली होती.”