घरी पोचल्यावरची खुशी

टुरिस्ट गाडी चालवणाऱ्याला पगार किती, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर तोही लाजेने सांगत नाही. त्याचं घर चालतं ते खुशीवर. सहल संपली की गिऱ्हाईक आपल्या मनाने हातावर काही ठेवतं, ती खुशी. नाही ठेवलं तर नाही. तोंड पाडून उभं राहायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा, आणि भातकुलीचा श्याम तो कधीच शिकून बसला होता.

चिंतामणरावांची तऱ्हा मात्र निराळी निघाली. अकोल्याला जन्मभर वकिली करून हा म्हातारा आता अमरावतीच्या राजापेठेत राहायला आला होता. चिखलदऱ्याला निघताना, गाडीत बसायच्या आधीच, त्यांनी घडी केलेली एक नोट श्यामला दाखवली आणि सदऱ्याच्या खिशात परत ठेवली.

"ही तुझी. सगळ्यांना सुखरूप घरी आणलंस की तुझ्या हातात."

"काकाजी, तुमी नाई देल्ली तरी घरी आणतोच ना," श्याम हसला.

"बाबा, भाडं दिलंय आपण. उगाच लाडावून ठेवू नका," मागून मुलगा म्हणाला. हा पुष्कर, पुण्याहून सुट्टीला आलेला.

पॉइंट बघून झाले, जेवणं झाली, आणि श्यामने गाडी नेहमीच्या मधाच्या दुकानापुढे लावली. चिंतामणरावांच्या पत्नी गोदावरीकाकूंनी बाटल्या घेतल्या. मग दुकानदाराने श्यामला आडोशाला बोलावून त्याचा वाटा दिला. गिऱ्हाईक आणलं की ड्रायव्हरला कमिशन, हे तिथल्या दगडधोंड्यांनाही ठाऊक असतं. पण पुष्करने नेमकं तेच पाहिलं आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. खोटं कशाला बोला, मधही महागच लावला होता.

"आपल्यालाच विकून खातोय हा," तो आईला म्हणाला, श्यामला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. श्यामने आरसा नीट केला आणि गाडी काढली.

घाट उतरताना चिंतामणराव गप्प झाले. आधी वाटलं, वळणांनी मळमळत असेल. परतवाडा आलं तेव्हा त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता आणि ते छाती दाबून धरत होते. श्यामने गाडी बाजूला घेतली. असा घाम त्याने पाहिला होता. मागच्या हिवाळ्यात बहिरमच्या जत्रेत त्याचे वडील, खुशालराव, असेच भिजले होते, आणि इथल्याच एका दवाखान्याने त्यांना वाचवलं होतं.

"साहेब, इथं एक दवाखाना हाय. आदी तिथं दाखवू. काकाजीले एवढ्या दूर अमरावतीलोक नेनं बरं नाई."

"तुझ्या ओळखीचा?" पुष्करने विचारलं.

"हो."

"मग तिथेही मिळत असेल तुला, मधासारखं. घे आईची शपथ, मिळत नाही म्हणून."

मिळत होतं. वडील बरे झाल्यापासून घाटातल्या अपघाताची माणसं श्याम तिथेच नेत असे, आणि तिथला एक माणूस त्याच्या हातावर काही ठेवत असे. वडिलांची गोष्ट सांगायला एक श्वास पुरला असता. पण आईची शपथ मध्ये आली आणि त्याने मान खाली घातली.

"कळलं," पुष्कर म्हणाला. "अमरावतीला चल. आमचे डॉक्टर आहेत तिथे."

श्यामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमचा बाप, तुमी पाहा, असं मनात म्हणत त्याने गिअर टाकला. दवाखान्याची पाटी डाव्या हाताला आली आणि मागे गेली. स्टेअरिंग त्याच्याच हातात होतं.

राग थोड्याच वेळात उतरला, मागे नुसती भीती उरली. हॉर्नवरचा हात निघेना. "अहो, बोला ना काहीतरी," गोदावरीकाकू पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. वलगावच्या अलीकडे त्यांनी म्हणणं थांबवलं.

अमरावतीच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि पुष्करला बाजूला घेतलं. जरा आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं ते म्हणाले. त्यांना वाटेतलं काय ठाऊक! ते बोलून मोकळे झाले.

श्याम व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. पुष्कर त्याच्यापुढे येऊन थांबला. सकाळचा तोरा कुठल्या कुठे गेला होता.

"तुला मिळत होतं ना तिथे? खरं सांग. म्हणूनच नेत होतास ना?"

वकिलाचा मुलगा ड्रायव्हरपुढे पदर पसरून उभा होता. आता त्या दवाखान्याने वाचवलेल्या खुशालरावांचं नाव काढलं, तर हा माणूस जन्मभर सुखाने झोपणार नाही, हे श्यामला स्वच्छ दिसलं. बिचाऱ्याची त्याला दयाही आली आणि चीडही.

"हो," तो म्हणाला. "मिळत व्हतं. म्हनूनच."

पुष्करने डोळे मिटून श्वास सोडला. "बघ आई, मी म्हटलं नव्हतं?" मग दिवसभरात पहिल्यांदा त्याने स्वतःचं पाकीट काढलं आणि हाताला आल्या तेवढ्या नोटा श्यामच्या मुठीत कोंबल्या. "राहू दे तुला. गाडी जोरात आणलीस."

सवयीने श्यामने ते पैसे कपाळाला लावले. लावल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाकावर बसलेल्या गोदावरीकाकूंच्या मांडीवर चिंतामणरावांचा सदरा होता. त्यांनी खिशातली घडी केलेली नोट काढली, श्यामकडे पाहिलं आणि ती पुन्हा खिशात ठेवून दिली.

"ही नाही देत तुला," त्या म्हणाल्या. "घरी आणायचं ठरलं होतं."

"हो काकू," श्याम म्हणाला.