तिथी बघून सांगतो

“आज तिथी कोणती रे?” आईने फोनवर विचारलं.

प्राणेश परदेशातल्या आओ नांग गावच्या किनाऱ्यावर अनवाणी उभा होता. सकाळचे आठ वाजले होते, म्हणजे बेंगळुरूत साडेसहा. समोर लांबुळक्या होड्या ओळीने लागल्या होत्या आणि त्यांतल्या एकीत बसून उल्हास त्याला हात करून बोलावत होता.

“पंचांग खोलीवर राहिलं, आई. बघून सांगतो.”

“सरी, बघून सांग. विसरू नको हं. मी वाट बघते.”

पंचांग त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. त्याने वरून ते चाचपलं, बोलणं संपवलं, हॉस्टेलवर जाऊन फोन लॉकरमध्ये ठेवला आणि होडीत जाऊन बसला.

सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात प्राणेशने असं कधी केलं नव्हतं. बेंगळुरूच्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात तीस वर्षं तो तयार माल तपासत होता. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक त्याच्या हातून सुटायचा नाही. सदोष नग सापडला की त्यावर लाल रंगाचा ठिपका देऊन तो बाजूला ठेवायचा, मग मालक समोर उभा राहो की मालकाचा बाप. लग्न राहून गेलं होतं. घरी त्र्याऐंशी वर्षांची आई, पद्मावतीबाई. काचबिंदूने तिची नजर गेल्यापासून रोज सकाळी पंचांग मोठ्याने वाचायचं आणि मग डबा घेऊन निघायचं, हा त्याचा नेम. सहलीवर निघतानाही त्याने तिला कबूल केलं होतं की पंचांग फोनवरून वाचेन.

सहलीचं खूळ उल्हासचं. तो कारखान्यातल्या डिझाइन विभागातला पुण्याचा गडी. “अण्णा, यू आर कमिंग! सहा जण, प्रत्येकी एक सॅक, बंक बेडवर झोपायचं. लाइफमध्ये एकदा तरी समुद्र बघा हो.” तारखा ठरवायचं काम मात्र अण्णांकडे, कारण अण्णा चुकत नाहीत.

आणि अण्णा नेमके चुकले.

वडिलांचं श्राद्ध कार्तिक शुद्ध सप्तमीला. तिथी दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते, हे त्याला पाठ होतं. मागच्या वर्षी ती ऑक्टोबरच्या अखेरीस आली होती. त्यातून त्याने अकरा दिवस वजा केले, नोव्हेंबर मोकळा धरला आणि तिकिटं काढायला सांगितलं. पण ते अधिक महिन्याचं वर्ष होतं. अशा वर्षी तिथी अलीकडे येत नाही, उलट तीन आठवडे पुढे जाते. गंमत म्हणजे त्याच दिवसांत तो रोज सकाळी स्वतःच्या तोंडाने आईला ‘अधिक श्रावण’ असं वाचून दाखवत होता.

गणपती उशिरा आले तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सप्तमी सहलीच्या बरोबर मधोमध, तो होडीत बसला त्याच रविवारी येत होती. आईला सांगायला अजून दोन महिने हातात होते, पण तो मूग गिळून बसला. त्याला जायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. आईला आता कुठे एवढं लक्षात राहतं, अशी त्याने मनाची समजूत घातली. वरच्या मजल्यावरच्या सुप्रीताने आजींकडे बघायचं कबूल केलं आणि प्राणेशने जन्मात पहिल्यांदा पाठीला सॅक लावली. घरातून निघताना आईने ती सॅक दोन्ही हातांनी नीट चाचपून पाहिली होती. “मेतकूट वर आहे,” ती म्हणाली होती. “बाकीचं खाली आहे. लागलं तर सांगेन.”

होडी बेटाजवळ थांबली. पाणी हिरवंगार आणि कोमट होतं. उल्हासने हात धरून त्याला छातीभर पाण्यात नेलं. एक लाट अंगावर आली, नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि प्राणेश मोठ्याने हसला. आपण असे हसतो हे त्यालाच माहीत नव्हतं.

“अण्णा, रडताय की काय?”

“अय्यो, नाही रे. मीठ गेलं डोळ्यांत.”

तो दिवस त्याचा फार सुखाचा गेला, हे लपवण्यात अर्थ नाही. मधूनच आईचं ‘वाट बघते’ आठवायचं आणि तो पुन्हा पाण्यात डोकं बुडवायचा.

संध्याकाळी लॉकर उघडला तर सुप्रीताचे चार फोन येऊन गेलेले. त्याने फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी धीर करून घरी लावला.

“जेवण नीट मिळतं ना रे?” एवढंच आईने विचारलं. तिथीचं नावही काढलं नाही. विसरली, असं त्याने ठरवून टाकलं.

परत आला तेव्हा फाटकातच सुप्रीता भेटली. आवाज खाली करून म्हणाली, “अण्णा, रविवारी आजी दिवसभर जेवल्या नाहीत हो. फोन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी चारदा लावून दिला. स्वल्प दूध तरी घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, त्याचा फोन येऊ दे आधी. दिवे लागल्यावर उठल्या.”

प्राणेशने फाटक लावलं. आत गेला, आईच्या पाया पडला आणि मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर सॅक रिकामी करू लागला. कपडे निघाले, मेतकुटाचा डबा निघाला, मूठभर वाळू निघाली. अगदी तळाशी जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली एक पुरचुंडी होती. त्याने गाठ सोडली. आत काळे तीळ होते आणि श्राद्धाच्या वेळी बोटात घालायचं दर्भाचं पवित्रक.

“सापडलं?” दारातून आईने विचारलं. ती चौकट धरून उभी होती.

“तुला ठाऊक होतं?”

“तू तारखा सांगितल्यास तेव्हाच बोटांवर मोजलं मी. अधिक महिना चालू होता ना तेव्हा.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू गेला असतास? जन्मात पहिल्यांदा कुठे निघाला होतास.” ती सावकाश पायरीवर बसली. “मठात आचार्यांना विचारून घेतलं. म्हणाले, समुद्रात उभा राहून दक्षिणेकडे तोंड करून तीळपाणी दिलं तरी पोचतं. तू तिथी सांगितलीस की मी सांगणार होते, सॅकेत खाली बघ म्हणून.”

प्राणेशने पुरचुंडी दगडावर ठेवली. तिने फक्त एक शब्द मागितला होता. सप्तमी.

“आई, पंचांग माझ्या खिशातच होतं.”

“असेल.”

“मला माहीत होतं सगळं. मी मुद्दाम...”

“ते विसरण्यासारखा तू नाहीस रे,” आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. “मला वाटलं होतं, सगळं तुझ्या वडिलांच्याच मनासारखं जुळून आलंय. पुढच्या वर्षी मंगळूरला जाऊ, समुद्र बघू, असं दर वर्षी म्हणायचे ते. जाणं झालंच नाही. तुझ्या हातून एकदा तिथलं पाणी मिळालं असतं, एवढंच.”

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. प्राणेश तिळांकडे बघत राहिला. हे आता कशानेही भरून यायचं नव्हतं. तो समुद्र, ती सप्तमी आणि ती हाक एकाच दिवशी समोर आली होती आणि त्या दिवशी तो हसत होता.

“वाळू आलीय का रे तिथली?” आईने हात पुढे केला. “दे बघू स्वल्प.”

त्याने दगडावरची वाळू गोळा करून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती अंगठ्याने हळूहळू चोळून पाहिली. तांदूळ निवडताना पूर्वी चोळायची तशी.

“एवढी बारीक असते होय,” ती म्हणाली. मग मूठ मिटून तिने नेहमीसारखंच विचारलं, “आज तिथी कोणती रे?”

“कार्तिक शुद्ध दशमी,” पंचांग न उघडताच प्राणेश म्हणाला.