ओर्विकचा कारखाना

या शोधातून रेडिओवाल्याच्या पदरात पडणार होती ती पुस्तकातली एक ओळ. दातांचे डॉक्टर जुन्या रेडिओंच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांवर, जाडजूड पुस्तक काढत होते, आणि ‘ओर्विक’ या छापाचा उगम जो सांगेल त्याचं नाव त्यात येणार होतं. बत्तीस वर्षं दुकानात बसून ज्याचं नाव फक्त विजेच्या बिलावर छापलं गेलं, त्याला एक ओळ काही थोडी नव्हती.

डॉक्टरांनी काउंटरवर कापसात गुंडाळलेले चार व्हॉल्व्ह मांडले, उपटलेले दात मांडावेत तसे. “तुम्ही आयुष्यभर हेच विकलेत ना?”

“दुसऱ्याला हात लावला नाही. गिऱ्हाइकाला शपथेवर सांगायचो, ओर्विक घाला, नातवंडांपर्यंत वाजेल.”

“मग कारखाना कुठला?”

“परदेशातला,” तो म्हणाला. कुठल्या देशातला, हे आपण दुकानाच्या जुन्या मालकांना कधी विचारलंच नाही, हे त्याला तेव्हा उमगलं.

गोंधळ तिथून सुरू झाला. चारही व्हॉल्व्हवर नाव एक, नंबर एक. पण एकाची काच खांद्याशी गोल, दुसऱ्याची सरळ, एकाचं बूड काळं, एकाचं तपकिरी. “भावंडं चार, पण चेहरा एकाचा एकाला नाही,” म्हणत डॉक्टर व्हॉल्व्ह ठेवून गेले.

पुसट नंबर वाचायची मेकॅनिक लोकांची एक युक्ती असते. काचेवर तोंडाची वाफ सोडायची. गेलेली अक्षरं घडीभर उमटतात. ओर्विकवर ती करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती, इतकी त्याची अक्षरं ठसठशीत. आज त्याने वाफ सोडली. ओर्विकच्या खालून भलत्याच कंपनीचं नाव वर आलं आणि विरून गेलं. दुसऱ्यावर दुसरीच कंपनी. तिसऱ्यावर तिसरी. चौथ्यावर त्याने तीनदा वाफ सोडली आणि चष्मा दोनदा पुसला.

मालक कधीच वारले होते. त्या काळातलं माणूस एकच उरलं होतं, त्याची थोरली बहीण. ती घरी बसून मालकांचे व्हॉल्व्ह खोक्यांत भरायची, एवढं त्याला ठाऊक होतं.

ताईच्या स्वयंपाकघरात करपल्या दुधाचा वास कोंडला होता, आणि ती शेगडीला पाठ करून शेंगा सोलत होती. त्याने गॅस बंद केला.

“पुन्हा लागलं का?” ताई म्हणाली. “मेलं सांगून करपत नाही.”

“ताई, हा कुठल्या कारखान्यातला?”

तिने व्हॉल्व्ह उजेडाकडे फिरवला. “माझ्या. शेवटचं अक्षर बघ, अर्धं उठलंय. शिक्का झिजला होता तिथे.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? मालक भंगारातल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह आणायचे. तपासून चांगले निघाले की माझ्याकडे. मी थिनरने जुनं नाव पुसायचं, ओर्विक उठवायचं, खोक्यात भरायचं.”

“आणि हा ओर्विक कोण?”

“बूटपॉलिशचा कारखाना होता, बुडाला. त्याचा शिक्का मालकांना लिलावात मिळाला. नाव भारदस्त आहे म्हणाले.”

तो खुर्चीवर टेकला. “अगं, मी शपथा घेतल्या लोकांसमोर.”

“मग? वाजले नाहीत?”

“वाजले.”

“कुणी परत आणले?”

“एखाद-दुसरा.”

“मग खोटं काय झालं त्यात?”

शपथ खोटी होती, माल खरा होता, आणि दोन्ही एकाच खोक्यात भरलेलं होतं.

“मला का नाही बोललीस?”

“मालकांची अटच होती. धाकट्याला दुकानात घेतो, पण तुमच्या घरातही तोंड उघडायचं नाही. खिडकीसुद्धा लावून घ्यायची, वास शेजारी जायला नको. पुढे तूच इतक्या मायेने विकायला लागलास, मग काय कपाळ सांगणार?”

तो पातेल्याच्या काळ्या बुडाकडे बघत राहिला. “तुझं नाक सर्दीने गेलं, असं आई म्हणायची.”

“आईने दुसरं काय म्हणायचं होतं?” ताईने पुढची शेंग घेतली.

“डॉक्टरांना सांगू?”

“सांग की. पण नाव माझं घालायला सांग. तुझं कशाला?”

त्याने सांगितलं, तिच्याच नावाने. डॉक्टर फोनवर हसले, मग गंभीर झाले, मग पुरावा मागू लागले. त्यांच्याकडे असे साठ ओर्विक होते.

पुस्तक आलं तेव्हा त्यात छापलं होतं: ओर्विक, उगम अनिश्चित, बहुधा परदेशी.

हिशेब सरळ होता. डॉक्टरांचा संग्रह अस्सल राहिला, मालकांची अब्रू राहिली, गिऱ्हाइकांना गाणी मिळाली, त्याला दुकान मिळालं. खर्चाच्या बाजूला एकटी ताई.

तिने आपलं नाव शोधलं नाही. पुस्तक उघडून तिने चेहऱ्याजवळ नेलं आणि त्याच्या हातात दिलं. “कोऱ्या पुस्तकाला वास असतो म्हणतात. याला आहे का रे?”

त्याने हुंगून पाहिलं. ताज्या शाईचा दरवळ होता.

“नाही,” तो म्हणाला. “काही विशेष नाही.”